नोड उघडतो, काम होत नाही: ड्रायव्हरमधला ओपन मोडचा घोळ कसा शोधावा

कॅमेरा असो, सिरियल पोर्ट असो की फ्लॅश मेमरी, तक्रार दर वेळी निराळी असते आणि मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. प्रोग्रामनं डिव्हाइसचा नोड (डेव्ह डिरेक्टरीतली त्याची खास फाइल) ज्या मोडमध्ये, म्हणजे वाचायला, लिहायला की दोन्हींसाठी, उघडला तो मोड ड्रायव्हरनं चुकीचा वाचलेला असतो, अर्धा वाचलेला असतो किंवा वाचलेलाच नसतो. खालचं सगळं लिनक्स कर्नेलबद्दल आहे. दुसऱ्या सिस्टिमवरून आणलेल्या ड्रायव्हरबद्दल थोडं पुढे आहे. फ्लॅग आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच मूळ रूपात करावी लागतील.

लक्षणं

- वाचायला उघडलं की चालतं, वाचायला-लिहायला उघडलं की परवानगी नाकारली जाते. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवलं तरी तेच.
- ओपन बिनतक्रार होतं, पण पहिल्याच राइटला 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर' येतं (डिस्क्रिप्टर म्हणजे उघडलेल्या फाइलसाठी प्रोग्रामला मिळालेला क्रमांक).
- राइट यशस्वी झाल्याचं दिसतं, पण डिव्हाइसला काहीच पोचत नाही.
- प्रोग्राम एकदा नीट चालतो. दुसऱ्यांदा चालवला की 'डिव्हाइस बिझी', आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून परत घातल्याशिवाय सुटका नाही.
- नॉनब्लॉकिंग (डेटा नसेल तर न थांबता परत ये) लावूनही रीड अडकून बसतं.
- जुन्या ३२-बिट प्रोग्रामला जे जमतं ते त्याच्याच ६४-बिट आवृत्तीला जमत नाही.
- फक्त वाचायला उघडलेल्या डिस्क्रिप्टरवरून आयऑक्टल (रीड-राइटपलीकडचे आदेश डिव्हाइसला देणारा कॉल) केलं आणि डिव्हाइसचं सेटिंग बदललं. ही तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही, कारण सगळं 'चालत' असतं. यादीतलं सगळ्यात गंभीर लक्षण मात्र हेच.

हात लावण्याआधी

ओळख नसलेला नोड 'बघू तरी काय येतं' म्हणून कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) करू नका. वॉचडॉगचा (मशीन अडकलं तर रीबूट करणारा टायमर) नोड नुसता उघडला तरी टायमर सुरू होतो. कॅट त्यातून काही वाचू शकत नाही, एरर देऊन नोड बंद करतो; बंद करण्याआधी ठरलेलं 'व्ही' अक्षर लिहिलेलं नसल्यामुळे टायमर चालूच राहतो आणि थोड्या वेळात मशीन रीबूट होतं. सिरियल पोर्ट उघडला की डीटीआर आणि आरटीएस या नियंत्रणाच्या लाइन वर जातात, आणि अनेक मायक्रोकंट्रोलर बोर्ड तेवढ्यानंच रीसेट होतात. ओपन ही निरुपद्रवी क्रिया आहे असं धरून तपासणी सुरू केली की लक्षणांत आपलीच भर पडते.

१. तो नोड खरंच नोड आहे का

फुकटातली तपासणी, आणि तरीही सगळे ती शेवटी करतात. एलएस -एल करून ओळीचं पहिलं अक्षर बघा. कॅरॅक्टर डिव्हाइसला 'सी', ब्लॉकला (डिस्कसारख्या डिव्हाइसला) 'बी'. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर ती साधी फाइल आहे.

असं होतं कसं? ड्रायव्हर लोड झालेला नसताना कुणीतरी रूट म्हणून शेलमधून त्या नावाकडे '>' वापरून काहीतरी लिहिलं. शेल ते नाव फक्त-लेखन, नसेल तर तयार कर आणि असेल तर रिकामं कर अशा फ्लॅगसह उघडतं. नोड नव्हता, म्हणून डेव्ह डिरेक्टरीत त्या नावाची साधी फाइल तयार झाली. नंतर ड्रायव्हर लोड झाला, पण नाव आधीच घेतलेलं असल्यामुळे खरा नोड तयार झालाच नाही. आता सगळे राइट यशस्वी होतात आणि मेमरीतल्या एका फाइलमध्ये साठत राहतात. फाइल काढा, ड्रायव्हर परत लोड करा. आणि स्क्रिप्टमध्ये '>' ऐवजी 'एक्झेक ३<>' वापरा: तो वाचन-लेखन मोडमध्ये उघडतो आणि फाइल रिकामी करत नाही. नाव नसेल तर तोही साधी फाइल तयार करतो, म्हणून आधी नोड आहे का हे तपासणं सुटत नाही.

२. परवानगी नक्की कोण नाकारतंय

नोडच्या परवानग्या, ग्रुप आणि शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर एसीएल (वापरकर्त्यागणिक दिलेल्या जादा परवानग्या) बघा. ग्रुपमध्ये नुकतंच नाव घातलं असेल तर परत लॉगिन केल्याशिवाय ते लागू होत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेल्या दोन गोष्टी अशा.

कंटेनरमध्ये डिव्हाइसची परवानगी वाचन, लेखन आणि नोड तयार करणं अशी वेगवेगळी दिलेली असते. फक्त वाचनाची दिली असेल तर वाचन-लेखन मोडमधलं ओपन ईपर्म (परवानगी नाही) देऊन परततं, मग आत तुम्ही रूट असा नाहीतर आणखी कुणी. आणि नोड ज्या फाइल सिस्टिमवर आहे ती 'नोडेव्ह' लावून माउंट केलेली असेल तर कोणत्याही मोडमध्ये उघडा, ईअॅक्सेस (प्रवेश नाकारला) मिळतं. या दोन्ही प्रकारांत ड्रायव्हरच्या ओपनपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. ड्रायव्हरचा कोड उघडण्याआधी हे बघून घेतलेलं बरं.

रूटनं करून बघण्याची चाचणी काय सांगते हेही नीट समजून घ्या. रूटला नोडच्या परवानग्या आडव्या येत नाहीत, पण उघडलेल्या मोडची मर्यादा त्यालाही असते. फक्त-वाचन मोडमध्ये उघडून लिहायला गेला तर रूटलाही ईबॅडएफ (वरचं 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर').

३. दुसरं कुणी धरून बसलंय का

'डिव्हाइस बिझी' आलं की एफयूजर किंवा एलएसओएफनं (नोड कुणी उघडलाय ते सांगणाऱ्या कमांड) बघा. कुणी सापडलं तर प्रश्न मिटला. कुणीच सापडलं नाही तर एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) त्या मॉड्यूलचा वापर किती दिसतो ते बघा. तिथे शून्य आहे आणि तरी ड्रायव्हर बिझी म्हणतोय, याचा अर्थ कर्नेलच्या हिशोबानं कुणीही उघडलेलं नाही, ड्रायव्हरच्या स्वतःच्या हिशोबानं मात्र कुणीतरी अजून आत आहे. हे एवढं दिसलं की मधल्या तपासण्या सोडून थेट सातव्यावर जा.

४. प्रोग्राम खरोखर काय मागतोय

प्रोग्रामरला विचारू नका, स्ट्रेसला (प्रोग्रामचे कर्नेलला जाणारे कॉल दाखवणारी कमांड) विचारा. ओपनअॅट, रीड, राइट, आयऑक्टल आणि एमएमॅप (फाइल किंवा डिव्हाइस थेट मेमरीत जोडून घेणारा) एवढेच कॉल गाळून घ्या आणि दोनच गोष्टी बघा: ओपनला कोणते फ्लॅग गेले आणि एरर नेमका कोणत्या कॉलवर आला. लिहिता येत नसल्याची एरर ओपनवर येणं आणि राइटवर येणं या दोन वेगळ्या केस आहेत. राइटवर ईबॅडएफ आलं तर डिस्क्रिप्टर लेखनासाठी उघडलेलाच नव्हता. ते व्हीएफएसनं (ड्रायव्हरच्या वरचा कर्नेलचा सामायिक फाइल-थर) परतवलं, ड्रायव्हरचा संबंध नाही. ईआयएनव्हॅल (अवैध विनंती) आलं तर मोड बरोबर असूनही ड्रायव्हरमध्ये राइट नावाचं फंक्शनच नाही अशी शक्यता धरून चाला.

चालू प्रोग्राम थांबवता येत नसेल तर प्रॉक डिरेक्टरीतल्या त्या प्रोसेसच्या एफडीइन्फोत (उघड्या डिस्क्रिप्टरची माहिती) बघा. तिथे 'फ्लॅग्ज' पुढे अष्टमान पद्धतीतला आकडा असतो. समजा ०२१०४००२ दिसतंय. सगळ्यात उजवा अंक अॅक्सेस मोड: ० म्हणजे फक्त वाचन, १ म्हणजे फक्त लेखन, २ म्हणजे दोन्ही. त्याच्या डावीकडचा ४००० म्हणजे ओ_नॉनब्लॉक, १००००० म्हणजे ओ_लार्जफाइल (मोठ्या फाइल चालतील), २०००००० म्हणजे ओ_क्लोएक्झेक (दुसरा प्रोग्राम सुरू केला की बंद हो). ही मूल्यं एक्स८६ वरची आहेत. काही आर्किटेक्चरवर वरचे फ्लॅग वेगळे असतात, अॅक्सेस मोडची मूल्यं मात्र सगळीकडे तीच.

भाषेच्या लायब्ररीत मोड गुपचूप बदललेला असतो. सी मधला 'आर+' म्हणजे वाचन-लेखन; 'डब्ल्यू' म्हणजे फक्त लेखन आणि वर तयार कर, रिकामं कर. पायथॉनमध्ये 'आर+बी'नं कॅरॅक्टर डिव्हाइस उघडलं की 'फाइल सीकेबल नाही' (पुढे-मागे सरकता येत नाही) अशी तक्रार येते. तो ड्रायव्हरचा दोष नव्हे, बफरिंग शून्य केलं की जातो.

मागायचा मोड कोणता, हे उपप्रणालीवर ठरतं, आणि इथे कर्नेलमध्येच एकवाक्यता नाही. व्हिडिओ फॉर लिनक्सचं दस्तावेजीकरण सांगतं की कॅमेऱ्यातून नुसतं वाचायचं असलं तरी वाचन-लेखन मोडमध्येच उघडा. डीव्हीबीच्या (डिजिटल टीव्ही) फ्रंटएंडला, म्हणजे ट्यूनरला, मात्र वाचन-लेखन मोडमध्ये एका वेळी एकच जण उघडू शकतो, दुसऱ्याला ईबिझी ('डिव्हाइस बिझी'). फक्त वाचनासाठी कितीही जण उघडोत. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की ट्यूनर अडला म्हणून बोंब होते.

डिस्कची नुसती माहिती विचारायची असेल तर लेखनासाठी उघडू नका. बहुतेक डिस्कवर यूडेव्हची (डिव्हाइसचे नोड सांभाळणारी सेवा) नजर असते: लेखनासाठी उघडलेला नोड बंद झाला की काही बदललं असेल असं समजून तो 'चेंज' इव्हेंट काढतो आणि डिस्क परत तपासायला घेतो. त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला पार्टिशन टेबल परत वाचायचं असेल तर त्याला ईबिझी मिळतं. कधी येतो, कधी येत नाही असा हा एरर यूडेव्हच्या मॉनिटरमध्ये लगेच उघडा पडतो.

५. लेखनबंदी हार्डवेअरमध्येच आहे का

ईआरओएफएस (फक्त-वाचन असल्याची एरर) आलं तर आधी ब्लॉकडेव्ह कमांडचा 'गेटआरओ' बघा. स्कझी डिस्कचा ड्रायव्हर माध्यमावर लेखनबंदी असेल तर लेखनासाठीचं ओपनच नाकारतो, आणि तेच बरोबर आहे. एसडी कार्डाच्या कडेची सरकपट्टी कार्डाला स्वतःला कळत नाही, ती रीडर वाचतो. म्हणून तेच कार्ड एका रीडरमध्ये बंद आणि दुसऱ्यात उघडं दिसू शकतं. एमटीडी (थेट फ्लॅश चिप हाताळणारी उपप्रणाली) फ्लॅशला प्रत्येक भागाचे दोन नोड असतात. 'आरओ' शेपटीच्या नोडचा मायनर नंबर (त्याच ड्रायव्हरखालच्या नोडचा क्रमांक) विषम असतो आणि तो लेखनासाठी उघडला की ईअॅक्सेस ठरलेलं. लूप डिव्हाइसवर (साधी फाइलच डिस्क म्हणून दाखवणारं) मागची फाइल किंवा खुद्द लूपचा नोड, यातलं एक जरी फक्त-वाचन मोडमध्ये उघडलेलं असलं तरी सगळं लूप डिव्हाइस फक्त-वाचन होतं.

इथपर्यंत कोड उघडावा लागत नाही. पुढे लागतो.

६. ड्रायव्हर फ्लॅग वाचतो की मोड

ड्रायव्हरच्या कोडमध्ये एफ_फ्लॅग्ज (ओपनला दिलेले फ्लॅग जिथे साठतात ती जागा) हा शब्द ग्रेपनं शोधा आणि सापडेल ती प्रत्येक ओळ संशयानं वाचा. माझा अनुभव असा की अर्ध्या केस इथेच संपतात.

कारण आकड्यांमध्ये आहे. ओ_आरडीओन्लीचं (फक्त वाचन) मूल्य ०, ओ_डब्ल्यूआरओन्लीचं (फक्त लेखन) १ आणि ओ_आरडीडब्ल्यूआरचं (दोन्ही) २. म्हणजे हे तीन वेगवेगळे बिट नव्हेत, दोन बिटांत ठेवलेला क्रमांक आहे. म्हणून

जर (फाइल->एफ_फ्लॅग्ज & ओ_आरडीओन्ली)

ही अट कधीच खरी होत नाही. शून्याशी अँड केल्यावर शून्यच येणार. ओ_डब्ल्यूआरओन्लीशी अँड करणारी अट वाचन-लेखनवाल्याला पकडत नाही, कारण २ मध्ये १ चा बिट नाही. मग लिहू शकणारा वापरकर्ता ड्रायव्हरच्या लेखी 'लेखक' नसतो, त्याच्यासाठी लेखनाचा बफर तयार होत नाही, आणि पहिल्या राइटला कर्नेल ऊप्स (कर्नेलमधल्या गंभीर चुकीचा संदेश) देतं.

तिसरा प्रकार थेट बरोबरीचा: एफ_फ्लॅग्ज == ओ_आरडीडब्ल्यूआर. ३२-बिट विरुद्ध ६४-बिट या लक्षणाचं गुपित इथे आहे. ६४-बिट प्रोग्रामच्या प्रत्येक ओपनला कर्नेल स्वतःहून ओ_लार्जफाइल जोडतो, त्यामुळे बरोबरी कधीच जुळत नाही. ३२-बिट प्रोग्राम ज्या वाटेनं येतो तिथे तो फ्लॅग आपोआप जोडला जात नाही, म्हणून जुन्या प्रोग्रामला ती अट अचूक जुळते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं ३२-बिटवर चाचणी केली असेल तर त्याला हे दिसलंही नसेल.

यावरचा उपाय कर्नेलनं आधीच करून ठेवला आहे. ओपनच्या वेळी व्हीएफएस त्या क्रमांकात १ मिळवून त्याचे खरे बिट करतो आणि एफ_मोडमध्ये ठेवतो: ० चं १ म्हणजे एफमोड_रीड, १ चं २ म्हणजे एफमोड_राइट, २ चं ३ म्हणजे दोन्ही. ड्रायव्हरनं फक्त एफ_मोड बघावा. वाचता येतं का? एफमोड_रीड बिट. लिहिता येतं का? एफमोड_राइट बिट. तिसरा प्रश्नच उरत नाही.

उरतो तो ३ हा अॅक्सेस मोड. लिनक्समध्ये तो चालतो: वाचन आणि लेखन दोन्हींची परवानगी तपासली जाते, पण मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर ना वाचता येतं ना लिहिता येतं, फक्त आयऑक्टल करता येतं. ३ मध्ये १ मिळवून खालचे दोन बिट ठेवले की शून्य उरतं, म्हणून एफ_मोडमध्ये दोन्ही बिट कोरे. फ्लॉपीच्या ड्रायव्हरसाठी ब्लॉक लेयरमध्ये याची खास सोय होती. 'वाचक नाही म्हणजे लेखक असणारच' असं धरून चालणारा ड्रायव्हर इथे फसतो.

७. घेतलेलं कुलूप सुटतं का

'एकदा चालतं, मग बिझी' याची दोन नेहमीची कारणं आहेत.

पहिलं सोपं. ओपननं मोजणी वाढवली, पुढे मेमरी मिळाली नाही म्हणून एरर देऊन परतला, आणि वाढवलेली मोजणी तशीच राहिली. ओपन अयशस्वी झालं तर कर्नेल रिलीज (फाइल शेवटची बंद होताना चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) बोलावत नाही. ओपनमधल्या प्रत्येक एरर-वाटेवर आधी केलेलं सगळं उलटवणं ड्रायव्हरचं काम.

दुसरं कारण शोधायला वेळ लागतो, कारण कोड वाचताना तो अगदी बरोबर दिसतो. ओपनमध्ये लिहिलेलं असतं: एफ_फ्लॅग्जमध्ये ओ_एक्सक्ल (इथे अर्थ: मला एकट्यालाच हवं) असेल तर कुलूप लाव. रिलीजमध्ये तंतोतंत जोडीची ओळ: ओ_एक्सक्ल असेल तर कुलूप काढ. सममित, सुबक, आणि चूक. ड्रायव्हरचं ओपन यशस्वी झाल्यावर व्हीएफएस एफ_फ्लॅग्जमधून ओ_क्रिएट, ओ_एक्सक्ल, ओ_नॉक्टीटीवाय आणि ओ_ट्रंक हे चार फ्लॅग पुसून टाकतो. ओपनच्या आत ओ_एक्सक्ल दिसतो, रिलीजच्या वेळी तो नसतोच. कुलूप लागतं, निघत कधीच नाही.

दुरुस्ती अशी: ओपनच्या वेळी जे ठरलं ते त्या ओपनच्या स्वतःच्या स्ट्रक्टमध्ये लिहून प्रायव्हेट_डेटात (उघडलेल्या फाइलमधली ड्रायव्हरची स्वतःची जागा) ठेवा आणि रिलीजमध्ये तेच वाचा. एफ_मोडमधले वाचन-लेखनाचे बिट मात्र शेवटपर्यंत टिकतात, त्यामुळे वाचक-लेखकांची मोजणी ओपनमध्ये आणि रिलीजमध्ये एफ_मोडवरून केली तर हिशोब जुळतो.

फोर्क (मूल प्रोसेस तयार करणं) किंवा ड्युप (डिस्क्रिप्टरची प्रत) झालेल्या डिस्क्रिप्टरची फाइल एकच असते, आणि रिलीज शेवटचा धनी गेल्यावर एकदाच येतो. 'क्लोज केलं तरी बिझी' म्हणणाऱ्या प्रोग्रामची मुलं आधी मोजा.

८. आयऑक्टलला मोडची तपासणी आहे का

रीड आणि राइटचं दार व्हीएफएस राखतो. आयऑक्टलचं राखत नाही. फक्त वाचायला उघडलेल्या डिस्क्रिप्टरवरून कोणतीही आयऑक्टल ड्रायव्हरपर्यंत सरळ पोचते आणि ती करायची की नाही हे ड्रायव्हरनंच ठरवायचं असतं. न ठरवणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. एमटीडीसारख्या जुन्या, मुरलेल्या उपप्रणालीतही फ्लॅशचं लॉक लावणं-काढणं आणि ब्लॉक खराब म्हणून नोंदवणं यांना लेखन-मोडची अट २०२१ मध्ये घातली गेली.

तपासणी घालताना एक आडवाट टाळा: कमांडच्या क्रमांकातल्या दिशेवरून परवानगी ठरवणं. ती दिशा डेटा कुठून कुठे कॉपी होतो एवढंच सांगते, डिव्हाइसवर काय परिणाम होतो हे नाही. व्हिडिओमधली फॉरमॅट विचारणारी 'जी_एफएमटी' कमांड दोन्ही दिशांची आहे, कारण कोणत्या प्रकारचा फॉरमॅट हवा ते आधी सांगावं लागतं. बदलत मात्र ती काहीच नाही. उलट डिस्कवरचा डेटा टाकून देणारी बीएलकेडिस्कार्ड ही बिनदिशेची कमांड आहे. दिशेवर विसंबलात तर निरुपद्रवी प्रश्न अडवाल आणि डेटा पुसणारी कमांड सोडून द्याल. डीव्हीबीच्या फ्रंटएंडमध्ये दिशेवर आधारलेली तपासणी आहे, आणि म्हणूनच तिथे अपवादही आहेत.

मला पटलेली पद्धत: ड्रायव्हरच्या सगळ्या कमांडची एक यादी करा, प्रत्येकीपुढे 'स्थिती बदलते' किंवा 'बदलत नाही' एवढंच लिहा, आणि तपासणी एकाच फंक्शनमध्ये ठेवा. यादीत नसलेली कमांड 'बदलते' असं धरायचं. साधा आणि कॉम्पॅट (६४-बिट कर्नेलवर ३२-बिट प्रोग्रामसाठीचा) असे दोन्ही आयऑक्टल मार्ग त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. ६४-बिट वाटेवर अट आहे आणि ३२-बिट वाटेवर विसरली आहे, हे वारंवार दिसतं.

एरर कोणता द्यावा यावर वाद होतात. बीएलकेडिस्कार्डला लेखन-मोड नसेल तर ईबॅडएफ मिळतं, एमटीडी आणि डीव्हीबीमध्ये ईपर्म. नव्या ड्रायव्हरनं उपप्रणालीत जे चालतं तेच द्यावं. आधीपासून वापरात असलेल्या ड्रायव्हरचा एरर केवळ एकसारखेपणासाठी बदलू नये. कुठला तरी प्रोग्राम त्या आकड्यावर निर्णय घेत असतो.

९. नॉनब्लॉक

अॅक्सेस मोड एकदा ठरला की बदलत नाही. ओ_नॉनब्लॉक मात्र एफसीएनटीएल कॉलनं केव्हाही लावता-काढता येतो. म्हणून तो ओपनमध्ये बघून साठवून ठेवणारा ड्रायव्हर हमखास अडकतो. त्यासाठी एफ_फ्लॅग्ज वाचण्याचं योग्य ठिकाण एकच: प्रत्येक रीड-राइटच्या वेळी, ताजा.

ओपनच्या वेळी या फ्लॅगचा अर्थ डिव्हाइसगणिक बदलतो. सिरियल पोर्टवर सी-लोकल (मोडेमच्या लाइनकडे दुर्लक्ष कर) लावलेलं नसेल तर ओपन कॅरियर (समोर जोडणी असल्याचा संकेत) येईपर्यंत थांबून राहतं, नॉनब्लॉक दिला तर थांबत नाही. सीडी ड्राइव्हवर त्याचा अर्थ 'चकती असो नसो, मला फक्त ड्राइव्हशी बोलायचंय'. ही वागणूक बिघाड नव्हे, ती 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

१०. एमएमॅप

फक्त वाचायला उघडलेली फाइल लिहिण्याजोगी आणि सामायिक मॅप करायला गेलं तर कर्नेल ईअॅक्सेस देतो, त्यामुळे साध्या केसमध्ये निर्धास्त राहा. पण फाइल वाचन-लेखन मोडमध्ये उघडलेली आहे आणि एखादा रजिस्टरचा भाग ड्रायव्हरला फक्त वाचायला द्यायचा आहे, तेव्हा नुसतं व्हीएम_राइट (आत्ता लिहिता येतं) नाही ना एवढं बघून भागत नाही. व्हीएम_मेराइट (पुढे लेखन चालू करता येईल) हा बिटही काढावा लागतो. नाहीतर प्रोग्राम आधी वाचायला मॅप करतो, मग एमप्रोटेक्टनं लेखन चालू करून घेतो, आणि ड्रायव्हरला कुणी विचारतही नाही.

११. कर्नेल बदलल्यापासून सुरू झालं असेल तर

ब्लॉक ड्रायव्हरांचा हिशोब वेगळा आहे. २.६.२८ पासून त्यांच्या ओपनला फाइल मिळत नाही, ब्लॉक डिव्हाइस आणि मोड मिळतो. ६.५ मध्ये (२०२३) त्या मोडचा प्रकारच बदलून बीएलके_ओपन_रीड, बीएलके_ओपन_राइट अशी नवी नावं आली आणि रिलीजला मोड देणं बंद झालं. बाहेरून आणलेला जुना ड्रायव्हर नव्या कर्नेलवर बसवताना कुणी एफमोडची नावं नुसती शोधून बदलली असतील, तर रिलीजमधली लेखकांची मोजणी कशावर चालते ते मुद्दाम बघा.

६.८ पासून माउंट केलेल्या ब्लॉक डिव्हाइसवर थेट लिहिणं बंद करण्याची कॉन्फिगरेशनची सोय आली आहे. ती लावलेली असेल तर पूर्वी चालणारं लेखनासाठीचं ओपन ईबिझी देतं. ड्रायव्हर निर्दोष असतो.

दुसऱ्या सिस्टिमवरून आलेला ड्रायव्हर

विंडोजमध्ये आयऑक्टलच्या कोडमध्येच वाचन किंवा लेखन परवानगीची अट लिहिलेली असते आणि आय-ओ मॅनेजर ती ड्रायव्हरच्या आधी तपासतो. तो ड्रायव्हर लिनक्सवर आणला की ती तपासणी मागेच राहते, कारण ती ड्रायव्हरच्या कोडमध्ये कधी नव्हतीच. फ्रीबीएसडीत ड्रायव्हरला मिळणारे एफरीड, एफराइट हे आधीच १ आणि २ असे बिट असतात, म्हणून तिथला अँड बरोबर चालतो. तोच कोड नावं बदलून लिनक्सच्या ओ_ फ्लॅगवर लावला की सहावा मुद्दा उभा राहतो. शिवाय तिथे ड्रायव्हरचं क्लोज सर्वसाधारणपणे त्या डिव्हाइसच्या शेवटच्या बंद होण्यावर येतं, प्रत्येक ओपनमागे नाही.

दुरुस्ती झाली हे कशावरून

एक छोटा सी प्रोग्राम लिहा: ०, १, २ आणि ३ या चार अॅक्सेस मोडमध्ये, नॉनब्लॉकसह आणि त्याशिवाय नोड उघडायचा, आणि प्रत्येकावर रीड, राइट, एमएमॅप आणि प्रत्येक आयऑक्टल करून एररचा तक्ता छापायचा. तो ३२-बिट आणि ६४-बिट असा दोन्ही बनवा; दोन्ही तक्ते सारखेच यायला हवेत. मग तोच प्रोग्राम लागोपाठ अनेकदा चालवा, मध्येच किल करा, आणि एलएसमॉड शून्य दाखवत असताना ओपन यशस्वी होतं ना ते बघा. डेटा पुसणाऱ्या कमांड खऱ्या डिस्कवर चालवू नका. चाचणीसाठी लूप डिव्हाइस किंवा मेमरीतला बनावट फ्लॅश वापरा.

कुठे थांबायचं

ड्रायव्हरचा सोर्स नसेल तर पाचव्या पायरीनंतर तुमच्या हातात काही नाही. बायनरी पॅच करत बसू नका, ज्यानं दिला त्याच्याकडे तक्रार करा.

कालपर्यंत लिहिता येणारं एसएसडी किंवा कार्ड आज अचानक ईआरओएफएस देत असेल आणि डीमेसगमध्ये (कर्नेलचे संदेश) आय-ओ एरर दिसत असतील, तर तो मोडचा प्रश्न नाही. काही माध्यमं आयुष्य संपत आलं की स्वतःहून फक्त-वाचन होतात. ब्लॉकडेव्हच्या 'सेटआरडब्ल्यू'नं लेखन चालू करून जबरदस्तीनं लिहू नका. वाचता येतंय तोवर प्रत काढा. वाचतानाही एरर येत असतील आणि डेटा मोलाचा असेल तर वीज बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

यंत्र, लिफ्ट किंवा वैद्यकीय उपकरण चालवणाऱ्या चालू मशीनवर यातली कोडची कोणतीही पायरी करू नका. ते उपकरण बनवणाऱ्याच्या माणसांचं काम आहे.

आणि आठव्या किंवा दहाव्या पायरीत असं सापडलं की फक्त वाचनाचा हक्क असलेला वापरकर्ता डिव्हाइसची स्थिती बदलू शकतो, तर ती सुरक्षेतली फट आहे. उघडपणे कुठेही लिहू नका. कर्नेलच्या मेंटेनर्स फाइलमधून त्या उपप्रणालीचे मेंटेनर शोधा (सोर्सबरोबर येणारी गेट_मेंटेनर स्क्रिप्ट हेच करते) आणि त्यांना व कर्नेलच्या सुरक्षा टीमला खासगीत कळवा. सोबत कर्नेलची आवृत्ती, स्ट्रेसमधली ओपनअॅटची आणि आयऑक्टलची ओळ, एफडीइन्फोतला फ्लॅगचा आकडा आणि वरचा तक्ता पाठवा. पॅच तयार असेल तर जोडा, पण त्यासाठी खोळंबू नका.